पाणी दाखवणारे पाव्हणे

माझं लग्न नेमकं कुठं ठरलं, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. सासरे होते तोवर छातीठोकपणे सांगायचे की धाराशिवच्या लेण्यांतच ठरलं. आमचे हे म्हणतात नळदुर्गच्या किल्ल्यात. मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, म्हणून आता मीच सविस्तर सांगते.

बहात्तरचा दुष्काळ सरता सरत नव्हता, त्यातल्या उन्हाळ्याची ही गोष्ट. आम्ही कळंबचे. माझे वडील अडत दुकानात तोलार होते, म्हणजे शेतकऱ्यांनी आणलेलं धान्य काट्यावर घालून मापायचं काम. त्या वर्षी मापायला धान्यच येत नव्हतं. काटा आणि वडील दोघंही दुकानाच्या ओट्यावर रिकामे बसून असायचे. घरात आम्ही तिघं: वडील, मी आणि आत्या. आई मी लहान असतानाच गेली, मला वाढवलं ते आत्यानं.

आत्या वडिलांची थोरली बहीण. तिला बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात दिली होती. गाव वर आणि पाणी खाली दरीत. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, तेव्हा तिच्या डोक्याच्या मध्यावर तळहाताएवढ्या जागेत केस नव्हते. रोज डोक्यावर कापडाची चुंबळ आणि चुंबळीवर घागर. केसांना उगवायला फुरसतच मिळाली नाही, असं ती हसून सांगायची, पण तिथला पदर मात्र कधी हलू द्यायची नाही. माझ्या लग्नाचं बोलणं निघालं तसं तिनं वडिलांना सांगून टाकलं, "घर, जमीन, नोकरी तू बघ. पाणी म्या बघणार. पाणी बघितल्याबिगर पोरगी द्यायची न्हाय."

हे तिचं नुसतं बोलणं नव्हतं. आधीच्या एका स्थळाला ती घर बघायला गेली, सरळ स्वयंपाकघरात शिरली, रांजणात खांद्यापर्यंत हात घातला आणि गाळानं माखलेली बोटं सगळ्यांना दाखवून बाहेर आली. चहा तसाच राहिला. त्या स्थळाचा चेहराही मला बघायला मिळाला नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता. बरोबरीच्या मैत्रिणी कडेवर पोरं घेऊन माहेरपणाला यायला लागल्या होत्या आणि मी अजून रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी थापत बसले होते. दुष्काळात सगळीकडंच पाणी नाही. मग काय लग्नंच करायची नाहीत?

पुढचं स्थळ आलं ते तुळजापूर तालुक्यातलं, तामलवाडीच्या आतल्या बाजूच्या एका खेड्यातलं. मुलगा मॅट्रिक झालेला, गावच्या दूध सोसायटीत सेक्रेटरी. सकाळ-संध्याकाळ लोकांचं दूध मापून घ्यायचं, डिग्री लावून त्यात पाणी किती ते बघायचं, कॅन भरून गाडीला द्यायचे. त्या साली गावातले सगळे एकदम सुधारले, असं हे नंतर सांगायचे. दुधात घालायला पाणीच नव्हतं.

रीत अशी की आधी मुलाकडचे मुलगी बघतात, मग मुलीकडचे घर बघायला जातात. मुलाचे आईवडील कळंबला येऊन मला बघून गेले होते, मी पसंत होते. आता आमची पाळी. पण निरोप आला तो वेगळाच. 'मुलीला घेऊन तुळजापूरला देवीच्या दर्शनाला या. वाटेत धाराशिवला भेटू, लेणी दाखवू. दर्शन झालं की नळदुर्गचा किल्ला दाखवू. मुलगा-मुलगी एकमेकांना बघतील आणि तुमचाही आपला जिल्हा बघून होईल.'

वडील हरखून गेले. आत्या म्हणाली, "आन् घर कवा दाखवणार?"

"ते बी दाखवतील की. आधी देवीचं नाव तर घे."

आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं ते असं: याच मुलाला आधी दोन ठिकाणचे पाव्हणे बघायला आले होते. दोघांनीही गावच्या आडापाशी लागलेली रिकाम्या घागरींची रांग बघितली आणि जेवायलासुद्धा न थांबता गाडी धरली. त्यावर माझ्या सासऱ्यांनी डोकं चालवलं. पाव्हण्यांना गावात येऊच द्यायचं नाही. इतकं फिरवायचं, इतकं दाखवायचं, की घर बघायचं त्यांच्या ध्यानातच राहू नये.

युक्ती वाईट नव्हती. फक्त आत्या कोण आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

एसटीच्या पाटीवर 'उस्मानाबाद' लिहिलेलं असलं तरी आत्यानं तिकीट मागितलं ते धाराशिवचंच, आणि कंडक्टरनंही मुकाट दिलं. स्टँडवर उतरलो तर पाव्हणे आधीच हजर. सासरे पांढऱ्याशुभ्र फेट्यात, घरचं कार्य असल्यासारखे पुढं होऊन हात जोडत होते. सासूबाई त्यांच्या मागं, हिरव्या इरकली लुगड्यात, पदर कपाळापर्यंत. आणि त्यांच्याही मागं हे. खांद्यावर दुधाचा कॅन.

मी मान खाली घालूनच सगळं बघून घेतलं. मुलगी बघायला निघालेला माणूस खिशाला पेन लावतो, केसांना तेल लावतो. हा गडी सोसायटीत दूध घालायला निघाल्यासारखा कॅन घेऊन उभा. मला हसू फुटायला लागलं, ते मी पदरात दाबलं.

सासूबाईंनी आम्हाला एका लिंबाच्या सावलीत नेलं, यांच्या खांद्यावरचा कॅन खाली उतरवून घेतला आणि तांब्यात पाणी काढून आत्याच्या पायावर घातलं. फार नाही, बोटं भिजतील एवढंच. मग वडिलांच्या, मग माझ्या. स्टँडवरची माणसं बघत राहिली. प्यायला पाणी नाही आणि या बाई पाय धुतायत!

"इथं रस्त्यात कशाला?" आत्या म्हणाली.

"पाव्हन्यांचे पाय धुतल्याबिगर सोयरिकीचं बोलत न्हायत आमच्यात," सासूबाई म्हणाल्या. मग प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि प्यायला पाणी दिलं.

"पाणी उधळायलाव म्हंजी गावात पाणी दिसतंय बक्कळ," आत्यानं सासऱ्यांकडं बघून खडा टाकला.

"आमच्याकडं? पाण्याला तोटा न्हाय!" सासरे म्हणाले आणि लगेच टांगा बघायला निघून गेले.

टांगा डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेला. पुढं लेण्यांपर्यंत चालायचं. ऊन नुसतं चावत होतं आणि सगळा डोंगर करपून काळा पडला होता. सासरे पुढं चालत, वळून वळून आम्हाला माहिती देत होते. ही लेणी किती जुनी, कुणी म्हणतं बुद्धाची, कुणी म्हणतं जैनांची, निजामाच्या काळात इथं कोण कोण साहेब यायचे, सगळं त्यांना तोंडपाठ. मोठ्या लेण्यात शिरलो तसा एकदम गारवा लागला. जाडजाड खांबांचा केवढा तरी मोठा सोपा, आणि आत अंधारात बसलेली भलीमोठी मूर्ती, डोक्यावर नागाचा फणा. मी असं काही आयुष्यात बघितलं नव्हतं. कळंबच्या बाहेर मी गेले होते ती फक्त येरमाळ्याला. डोंगराच्या पोटात कुणीतरी इतक्या मेहनतीनं अशी शांत जागा करून ठेवली आहे, हे बघून मला उगीचच रडू आलं. आजही त्या दिवसासाठी मी सासऱ्यांची ऋणी आहे. हेतू काही का असेना, मला लेणी दाखवली ती त्यांनीच.

"आन् आता बघा गंमत," सासरे आम्हाला आतल्या बाजूला नेत म्हणाले. "हितं खडकातून बारमाही पाणी पाझरतं. कसलाबी दुष्काळ पडू द्या, हितलं पाणी हटत न्हाय!"

आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. ओलसर काळा खडक होता आणि वटवाघळांचा वास होता. आत्यानं खडकाला बोट लावलं आणि बोट डोळ्यासमोर धरलं.

"घाम आल्यागत दिसतंय," ती म्हणाली.

वडिलांनी खोकल्यासारखं केलं. हे दुसरीकडं तोंड करून उभे होते, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसले. हा माणूस हसतो, हे मला त्या क्षणी कळलं, आणि बरं वाटलं.

धाराशिवात परत येऊन आम्ही दर्ग्याला गेलो. तिथं फरशीवर निवांत बसलो. दाराशी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाण्याचे माठ ठेवलेले होते. सासूबाई तिथं ओंजळभर पाणी प्यायल्या. आम्हाला मात्र त्यांनी उठू दिलं नाही, तांब्या घेऊन कॅनमधलंच दिलं. आत्यानं ते बघितलं. मीही बघितलं, पण मला त्यातलं काही उमगलं नाही. वाटलं, नव्या पाव्हण्यांचे लाड चालले आहेत.

संध्याकाळच्या गाडीनं तुळजापूरला पोचलो आणि सासरच्यांच्या पुजाऱ्याकडं उतरलो. आपापल्या घराण्याच्या पुजाऱ्याकडंच मुक्काम करायची तिथली जुनी रीत. सकाळी दर्शनाला निघालो. सासऱ्यांची उमेद रात्रभरात पुन्हा भरून आली होती. देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता ते म्हणाले, "आता कल्लोळ तीर्थ बघा. समदी तीर्थं हितं येऊन मिळाली, तवा पाण्याचा कल्लोळ झाला, म्हनून कल्लोळ!"

कल्लोळ कसला, पार तळाशी हिरवट पाणी निपचित पडलं होतं. तिथवर जाऊन बायका पदराचं टोक बुडवून डोळ्यांना लावत होत्या. पुढं गोमुख. दगडी गाईच्या तोंडातून करंगळीएवढी धार पडत होती आणि तिच्यासाठी ही गर्दी.

सासऱ्यांकडं बघवत नव्हतं. पाणी नाही हे लपवायला निघालेल्या माणसानं आम्हाला वेचून वेचून नेलं ते पाण्यासाठी नावाजलेल्या ठिकाणी. त्यांचाही इलाज नव्हता. आमच्या मुलखात पाव्हण्याला अभिमानानं काय दाखवायचं, तर कुठं ना कुठं पाणी. ज्याचं दुर्भिक्ष, त्याचीच आम्ही तीर्थं केली आणि महालही त्याचेच बांधले. त्यांना जिल्ह्यातलं जे जे सुंदर म्हणून ठाऊक होतं ते सगळं ओलं होतं, आणि त्या उन्हाळ्यात सगळंच वाळलं होतं.

गोमुखाशी सासूबाईंचा नंबर आला. त्या धारेखाली वाकल्या. मागून कुणाचा तरी धक्का लागला आणि डोक्यावरचा पदर घसरला. क्षणभरच. त्यांनी झटकन सावरला. पण आत्या त्यांच्या मागंच उभी होती आणि आत्याच्या मागं मी. सासूबाईंच्या डोक्याच्या मध्यावर, भांगाच्या शेवटी, तळहाताएवढ्या जागेत केस नव्हते.

धारेखाली हातसुद्धा न धरता आत्या बाजूला झाली. देवीपुढं उभी राहिली तेव्हा सगळे 'आई राजा उदो उदो' म्हणत होते आणि ती गप्प होती. देवळाच्या मागं चिंतामणीचा गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून त्यावर हात ठेवायचे, तो उजवीकडं फिरला तर काम होणार, डावीकडं फिरला तर नाही. वडील म्हणाले, "अक्का, ठेव की हात." आत्या म्हणाली, "देवीला कशाला तरास? मला कळलं जे कळायचं ते."

संपलं. हे स्थळही गेलं. आणि या वेळी मला ते जायला नको होतं. दीड दिवसात यांच्याशी मी एक शब्द बोलले नव्हते. पण डोंगर चढताना आपल्या आईच्या पायातला काटा यांनी भर रस्त्यात खाली बसून काढलेला मी बघितला होता. टांग्यातून उतरताना कॅनला धक्का लागला तर पोटच्या पोरासारखा सांभाळलेला बघितला होता. आणि खांदे हलवत आवाज न करता हसणं. मला एवढं पुरेसं होतं. पण ते सांगणार कुणाला?

वडील आत्याला म्हणाले, "मग आता परत फिरायचं का?"

"न्हाय," आत्या म्हणाली. "किल्ला बघायचा. तेवढं ऱ्हायलंय न्हवं दाखवायचं."

नळदुर्गला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. किल्ला मोठा, चालून चालून पाय मोडले. उंच उपली बुरुजावर आम्ही काही चढलो नाही. सासऱ्यांना घाई होती पाणीमहालाची. बोरी नदीला आडवा भला थोरला बांध, आणि त्या बांधाच्या पोटात पायऱ्या उतरून जायचं, तर आत महाल. नक्षीची कमान, छोटी खोली, समोर सज्जा. धरण भरलं की बांधावरून पाणी कोसळतं, बाजूला नर आणि मादी असे दोन धबधबे सुटतात, आणि आत उभ्या माणसाच्या अंगावर थेंब येत नाही. पुढच्या आयुष्यात मी तो महाल भरल्या पाण्यात बऱ्याचदा बघितला. त्या दिवशी सज्ज्यातून दिसला तो नुसता खडक आणि खाली धुळीत बसलेल्या शेळ्या.

सासरे सज्ज्याशी उभे राहिले आणि सांगायला लागले. दोन्ही हात वर करून पाणी कसं येतं ते दाखवलं, तोंडानं आवाज काढला, आपण लहान असताना वडिलांच्या खांद्यावर बसून हे कसं बघितलं ते सांगितलं. सांगता सांगता त्यांचा फेटा तिरका झाला. त्यांना खरोखर ते पाणी दिसत होतं. मग त्यांनी वळून आमच्याकडं बघितलं आणि हात खाली आले.

आत्या दगडावर बसली होती. शांतपणे म्हणाली, "पाव्हनं, काल धरनं पाण्याच्या जागा दाखवायलाव. एकाबी जागी पाणी न्हाय. आता तुमच्या घरचं पाणी कवा दाखवायलाव ते सांगा."

"दाखवू की," सासरे म्हणाले. "आता कसं हाय, गाडीची येळ..."

"न्हाय, आत्याबाई." हे बोलले. दोन दिवसांत मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "आमच्या गावात पाणी न्हाय. आड आटलाय. टँकर आला तर आला. शेजारच्या गावच्या विहिरीवरनं आणावं लागतं, लई लांब हाय. तुमाला गावात न्यायचं न्हाय म्हनून हे समदं. मला पटलं न्हवतं, पर दादांच्या म्होरं बोललो न्हाय."

त्यांचे दादा म्हणजे सासरे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. वडिलांनी आत्याकडं बघितलं. ती सासूबाईंकडं बघत होती.

सासूबाईंनी कॅन पुढं ओढला. तळाला पाणी राहिलं होतं, तेवढं तांब्यात ओतलं आणि तो आत्यापुढं धरला. "घरचं पाणी दाखवा म्हनता, ताई. काल धरनं तुमी तेच पिताय. घर दाखवता येत न्हाय, निदान घरचं पाणी तरी पाव्हन्यांच्या पोटात जावं, म्हनून परवा विहिरीला जाऊन आनलंय. त्यातलं आमी कुनी पिलो न्हाय."

माझे डोळे भरून आले. आता आत्या उठेल, त्यांना मिठी मारेल, सगळं सुरळीत होईल, असं मला वाटलं.

आत्यानं तांब्या घेतला. पाणी प्यायली, पण अर्धंच. उरलेलं तिनं सासूबाईंच्या हातात दिलं, आणि त्या पिईपर्यंत नजर हलवली नाही. मग म्हणाली, "बाई, तुमी लई गुनाच्या. पर तुमच्या गुनावर म्या पोरगी दिली, तर तुमच्या डोक्यावरची घागर उद्या तिच्या डोक्यावर येनार. व्हय का न्हाय?"

आमच्याकडं सून आली की सासूची घागर तिच्या डोक्यावर जाते, यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

"पाणी मी आणीन," हे म्हणाले.

"लगीन व्हस्तोवर समदेच आनतेत!" आत्या कडाडली. "एकदा माळ पडली की कुठं जातेत कुनास ठाऊक! म्या बघितलेत असले लई." ती उठून उभी राहिली. "माझी अट ऐका. उद्या धरनं तुमच्या आईनं पाण्याला जायचं न्हाय. तुमी आनायचं. दिवाळीपस्तोर. आईला जो आनून देतो तो बायकोला देईल, अशी माझी समजूत. मंजूर हाय का?"

सासरे गर्रकन वळले. "अवो, बापय मानूस पाण्याला जातो व्हय? सोसायटीचा सेक्रेटरी हाय त्यो! बायकांच्या रांगेत हुबा ऱ्हायला तर गाव तोंडात शेण घालील आमच्या!"

"घालू द्या की. धुवायला पाणी आनतोयच तुमचा पोरगा," आत्या म्हणाली.

वडिलांना हसू आवरेना. हे हसले नाहीत. आत्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "मंजूर." मग पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं, आणि मीही मान खाली घातली नाही. माझ्या मते ठरलं ते तिथंच, पण हे बरोबर आहेत असं मी घरात कधी कबूल करत नाही.

कळंबला परत आल्यावर दिवस जाता जाईनात. वडील अधूनमधून विषय काढायचे, आत्या "बघू" म्हणायची. एके दिवशी सकाळीच ती येरमाळ्याला देवीला जाऊन येते म्हणून घरातून निघाली. परत आली ती दिवस मावळताना, पाय धुळीनं भरलेले, तोंड उन्हानं काळवंडलेलं. येरमाळा इतका लांब नाही. दारातच बसली, दोन तांबे पाणी प्यायली आणि मग बोलली.

ती पहिल्या एसटीनं यांच्या गावच्या वाटेला गेली होती. गावात न शिरता शेजारच्या गावच्या विहिरीवर जाऊन झाडाखाली बसून राहिली. कुणी विचारलं तर 'पाव्हन्यांची वाट बघायलेय' म्हणायची. दूध गाडीला घालून झाल्यावर हे सायकलला दोन्ही बाजूंनी रिकामे कॅन अडकवून आले. बायकांनी त्यांना सळो की पळो करून सोडलं. कुणी म्हणाली, 'सेक्रेटरी, नाकात नथ घाला की!' कुणी मुद्दाम नंबर मागं ढकलला. हे सगळ्यात शेवटपर्यंत उभे राहिले. चिडले नाहीत. एका म्हातारीची घागर शेंदून दिली, आपले कॅन भरले आणि चढावर सायकल ढकलत निघून गेले. त्यांनी आत्याला बघितलंच नाही.

"मग?" वडिलांनी विचारलं.

"मग काय? दिवाळीनंतरची तारीख काढ," आत्या म्हणाली आणि आडवी झाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन चुलीपुढं बसले आणि खुशीनं पोटभर रडून घेतलं.

पुढं पाऊस झाला. आड भरले. मार्गशीर्षात आमचं लग्न झालं. नव्या नवरीबरोबर पहिले काही दिवस माहेरची एक वडीलधारी बाई सासरी जाते, तिला पाठराखीण म्हणतात. माझी पाठराखीण अर्थातच आत्या. वाटेतच ती मला म्हणाली, "आता बघू. पाणी आलंय आडाला. खरा मानूस आता कळंल."

पहिल्याच सकाळी मी लवकर उठले. नवी नवरी, काहीतरी काम दिसलं पाहिजे म्हणून भांड्यांच्या फळीवरची कळशी हातात घेतली आणि दाराकडं निघाले. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी तिथूनच हाक मारली, "ठिव ती खाली. ते त्याचं काम हाय."

"पण आता आड जवळच..."

"जवळ असू दे न्हायतर लांब. नळदुर्गाहून आलो त्या दिसापासून त्यानं दोर माझ्या हाताला लागू दिला न्हाय."

बाहेर आडाच्या रहाटाचा आवाज येत होता. आत्या अंथरुणात उठून बसली होती आणि कान देऊन ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मला वाटलं, माझ्यासाठी मागितलेलं मला मिळालं म्हणून.

तेवढ्यात सासूबाई चुलीपासून उठल्या. हात पदराला पुसले, आत्याजवळ गेल्या आणि खाली वाकून त्यांनी आत्याचे पाय धरले. मुलाची आई मुलीकडच्या बाईच्या पाया पडते, असं मी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही बघितलं नाही. आत्या पाय ओढून घ्यायला लागली, त्यांनी सोडले नाहीत.

"ताई," सासूबाई म्हणाल्या, "तुमी पोरीसाठी मागितलं. पर पयलं मला मिळालं."

आत्यानं त्यांना दोन्ही दंडांना धरून उठवलं. "उठा," ती म्हणाली, "तुमच्यासाठीच मागितलं हुतं."